पालट आणि परिश्रम : सातारा-सांगली परिसर आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील अंतःपरिवर्तनाची कल्पना

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आजवर प्रामुख्याने धर्मांतराच्या अंगाने झाला आहे. बाप्तिस्मा ही त्या विचारातील मध्यवर्ती घटना ठरते. तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे लेखकाच्या आयुष्याचे दोन भाग पाडले जातात, आणि त्याच्या साहित्याची मांडणीही त्यानुसार केली जाते. या पद्धतीची सोय उघड आहे. बाप्तिस्म्याला तारीख असते, साक्षीदार असतात, मिशनच्या दप्तरात नोंद असते. पण 'नव्या करारा'त ज्या आंतरिक बदलाचा आग्रह धरला आहे त्याला तारीख असेलच असे नाही. त्यासाठी मूळ ग्रीकमध्ये वापरलेला 'मेटानोइया' हा शब्द मनाच्या पालटण्याचा निर्देश करतो. मराठी बायबलात त्याच्या जागी रूढ झालेला 'पश्चात्ताप' हा शब्द मात्र घडून गेलेल्या गोष्टीबद्दलच्या तापाचा निर्देश करतो. मूळ शब्दाची दृष्टी पुढे, मराठी शब्दाची मागे. या भाषांतरामुळे एक मोठा आशय मराठी ख्रिस्ती विचारविश्वाच्या परिघावर राहिला : मन पालटते ते कशात, कुठे आणि किती काळात, हा प्रश्न.

या प्रश्नाची उत्तरे शोधण्यासाठी सातारा आणि सांगली हा परिसर विशेष उपयोगी आहे. येथे मिशनकार्याचा संबंध केवळ प्रवचनाशी आणि पुस्तकाशी राहिला नाही. तो रुग्णालयाशी, कार्यशाळेशी, शेतीशी, वसतिगृहाशी, म्हणजेच नित्याच्या कामाशी जोडला गेला. याच परिसरात नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात आपला सर्वांत धाडसी प्रयोग मांडला. आणि कामातून परमार्थ साधण्याची कल्पना येथे ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. त्यामुळे 'रोजच्या कामात अंतःपरिवर्तनाचा धडा' हे आशयसूत्र येथे उपरे ठरत नाही. ते एका जुन्या संवादात शिरते, आणि त्या संवादाच्या अटी त्याला पाळाव्या लागतात.

१

प्रथम भूगोल आणि कालक्रम. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्याचे महत्त्वाचे केंद्र बनले. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी साताऱ्यात या मिशनचे ठाणे उभे राहिले. पुढे हेन्री जेम्स ब्रूस यांनी साताऱ्यात छोटेखानी छापखाना चालवून मराठी पत्रके आणि पुस्तिका प्रसिद्ध केल्या. दक्षिणेकडे कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलेले कार्य पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले, आणि त्या मिशनने १८८४ मध्ये सांगलीत व १८९२ मध्ये मिरजेत ठाणी उघडली. सातारा हा ब्रिटिश मुलखातील जिल्हा, तर सांगली आणि मिरज ही संस्थाने होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रशासनाने पुढे वेगळे केलेले हे दोन जिल्हे कृष्णेच्या एकाच खोऱ्याचे आहेत; त्यांची शेती, बलुतेदारी आणि वारकरी संस्कार यांत फार अंतर नाही.

दोन्ही मिशनांच्या कामात मात्र फरक पडत गेला. साताऱ्याच्या बाजूला छापील शब्द, शाळा आणि खेडोपाडीचा उपदेश यांवर भर राहिला. सांगली-मिरजेकडे कामाधारित संस्था उभ्या राहिल्या. विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले शल्यचिकित्सक १८८९ मध्ये या भागात आले, आणि मिरजेच्या संस्थानिकांकडून मिळालेल्या जागेवर १८९४ मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले. परिचारिकांचे आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचे शिक्षणही पुढे तेथे सुरू झाले. सांगलीत याच मिशनने औद्योगिक आणि शेतकी शिक्षणाची शाळा चालवली. या संस्थांतील कामकरी माणसाला ख्रिस्ती धर्माचा परिचय वादविवादातून झाला नाही. तो हत्यारातून, जखमेतून, वेळापत्रकातून झाला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील परिवर्तनाच्या कल्पनेवर या अनुभवाचा कोणता ठसा उमटला, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

२

ठसा शोधण्यापूर्वी त्याआधीचे प्रतिमान ध्यानात घेतले पाहिजे. ते बाबा पदमनजी यांनी घडवले. बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेल्या आणि १८५४ मध्ये तेथेच बाप्तिस्मा घेतलेल्या पदमनजींचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकापासूनच प्रकाशाची प्रतिमा त्यात नियामक ठरते. अंधार, संशय, वाचन, वाद, पुन्हा वाचन आणि अखेर उजाडणे, असा त्या कथनाचा क्रम आहे. परिवर्तनाचे क्षेत्र बुद्धी, साधन ग्रंथ, आणि अडथळा कुटुंब व जात. पदमनजी कासार कुटुंबातले होते. धातूला आकार देण्याचा व्यवसाय त्यांच्या जातीचा. पण भट्टी, ठोका, मूस यांतून परिवर्तनाची भाषा घडवण्याकडे त्यांच्या कथनाचा कल नाही. एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित तरुणाला अंतःपरिवर्तन म्हणजे मतांतर, आणि मतांतर म्हणजे पुराव्यांची तुलना असे वाटणे स्वाभाविक होते. मिशनच्या शाळा, 'ज्ञानोदय' (१८४२) सारखी नियतकालिके आणि जाहीर वादसभा यांनी हेच प्रतिमान पक्के केले.

या प्रतिमानाची मर्यादा अशी, की त्यात जगणे हे परिवर्तनाच्या परिणामांचे क्षेत्र ठरते. परिवर्तनाचे माध्यम ठरत नाही. मन आधी बदलते, मग हात बदलतात. या क्रमाला प्रश्न विचारण्याचे काम टिळक दांपत्याच्या लेखनाने केले.

३

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या परिवर्तनाची कथाही आरंभी ग्रंथ आणि वाद यांचीच आहे. परंतु तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे पोहोचलो ही त्यांची भूमिका त्या कथेला वेगळे वळण देते. मागचे सारे अंधारमय हे प्रतिमान येथे टिकत नाही. मागची वाटच पुढे आलेली असते. १९१७ मध्ये मिशनच्या पगारी सेवेतून मोकळे होऊन टिळकांनी संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसंघ होता. मे १९१९ मध्ये टिळकांचे मुंबईत निधन झाले, आणि जेमतेम दोन वर्षांचा हा प्रयोग संस्थेच्या रूपाने टिकला नाही.

दरबाराचे महत्त्व त्याच्या यशापयशात नाही. मराठी ख्रिस्ती विचारात प्रथमच नोंदवहीतील धर्मांतर आणि मनातील पालट यांची फारकत येथे जाणीवपूर्वक केली गेली. बाप्तिस्मा न घेता ज्याचे मन पालटले त्याला दरबारात स्थान होते. त्याचबरोबर पगार सोडण्याच्या कृतीत श्रमविषयक एक विधान दडलेले होते. उपदेश हा वेतनाचा व्यवसाय झाला की उपदेशकाचे मन त्या कामातून घडत नाही, अशी ती टीका आहे. मिशनच्या व्यवस्थेत 'एजंट' म्हणून नेमलेल्या देशी उपदेशकाची स्थिती टिळकांनी आतून पाहिली होती. संन्यास हा शब्द निवडून त्यांनी त्या स्थितीला हिंदू परंपरेतील उत्तर दिले. संन्यासाने एकटे होण्याऐवजी माणसे जोडणे हा त्यांनी त्या शब्दाला दिलेला नवा अर्थ.

तरीही टिळकांच्या काव्यदृष्टीत रोजचे काम हे बहुधा रूपक म्हणून येते. 'अभंगांजली'तील ख्रिस्तभक्ती वात्सल्य, विरह, शरणागती या भक्तिपरंपरेतील भावांतून व्यक्त होते. 'उपासना संगीता'तून मराठी मंडळ्यांच्या ओठी गेलेली त्यांची पदेही याच प्रकृतीची आहेत. साताऱ्याच्या भूमीवर हे अधिकच जाणवते. सज्जनगड येथून जवळ, आणि प्रपंच नेटका करून परमार्थ साधण्याचा रामदासी विचार येथल्या हवेत. माण तालुक्यात गोंदवलेकर महाराजांनी (१८४५-१९१३) संसारी माणसाला नामाचा मार्ग सांगितला होता. सावता माळ्याचा मळा, गोरोबांची माती, जनाबाईचे दळण या प्रतिमा तर वारकरी श्रोत्याच्या अंगवळणी पडलेल्या. या परंपरेशी नाते सांगणाऱ्या टिळकांना काम आणि भक्ती यांचे अद्वैत मान्यच होते. पण काम माणसाला बदलते कसे, ही प्रक्रिया उलगडणे भावकाव्याच्या आवाक्यातले नव्हते. त्यासाठी गद्य हवे होते, आणि ते लक्ष्मीबाईंनी लिहिले.

४

'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंचे (१८६८-१९३६) हे आत्मकथन मराठी गद्याचा मानदंड म्हणून मान्यता पावले आहे. पण त्याच्या वाङ्मयीन वैशिष्ट्यांची चर्चा बहुधा निवेदनातील निरागसता आणि विनोद यांवरच थांबते. परिवर्तनकथा म्हणून त्याची रचना पाहिली तर तो 'अरुणोदया'चा प्रतिपक्ष ठरतो. या कथनाच्या आरंभी एक धुणे आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचा विलक्षण ध्यास होता. घरात येणारी वस्तूनवस्तू धुऊन घेण्यापर्यंत तो गेला होता. त्या धुण्याचे कष्ट घरातील बायकामुलांच्या वाट्याला आले. शुद्धी ही येथे तत्त्वज्ञानाची बाब नाही. ते पाण्याचे, भांड्यांचे, पाठीच्या दुखण्याचे काम आहे.

या आरंभाचा धागा पुढे तुटत नाही. ख्रिस्ती झालेल्या पतीच्या घरी परतल्यावरही लक्ष्मीबाई सोवळे पाळत राहिल्या. त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला; पण कथनाच्या दृष्टीने निर्णायक बदल त्याआधी पाणी भरताना, चूल पेटवताना, कुणाच्या हातचे चालते आणि कुणाच्या हातचे नाही हे ठरवताना होत गेला. जातिभेद माणसाने केलेला आहे हा निष्कर्ष त्यांच्यापर्यंत ग्रंथाच्या पुराव्यातून आला नाही. भेद रोज पाळण्यासाठी रोज जे करावे लागते त्याच्या ओझ्यातून आणि विसंगतीतून तो आला. हात आधी थकले, मग अडखळले, मग मन पालटले. पदमनजींच्या प्रतिमानातील क्रम येथे उलटा झालेला दिसतो.

कथनमीमांसेच्या दृष्टीने याचा एक परिणाम असा, की 'स्मृतिचित्रे'त परिवर्तनाला उत्कर्षबिंदू नाही. ऑगस्टीनच्या बागेतील प्रसंगासारखा एखादा क्षण शोधणाऱ्या वाचकाची येथे निराशा होते. प्रसंग येतात आणि जातात. प्रत्येक प्रसंगात थोडेसे काही सुटते, थोडेसे काही जुळते. पुस्तकातील बहुचर्चित विनोदाचे कार्यही येथेच स्पष्ट होते. स्वतःच्या जुन्या वागण्याकडे हसून पाहता येणे म्हणजे त्यापासून अंतर पडणे. ताप नाही, पण पालट आहे. 'पश्चात्ताप' या शब्दाने जे झाकले होते ते लक्ष्मीबाईंच्या विनोदाने उघडे केले, असे म्हणण्यास जागा आहे.

युरोपीय परंपरेत याला समांतर शोधायचे तर सतराव्या शतकातील पॅरिसच्या मठात स्वयंपाकघरात राबणाऱ्या ब्रदर लॉरेन्सचे नाव घेतले जाते. पण तुलना अर्ध्यावरच थांबते. ब्रदर लॉरेन्सचे स्वयंपाकघर मठाचे होते. तेथील भांडी देवाच्या सान्निध्यात घासायची होती, पण ती कुणाच्या स्पर्शाने विटाळत नव्हती. लक्ष्मीबाईंची भांडी विटाळत होती. त्यामुळे तेथे भांडी घासणे ही केवळ साधना राहत नाही. तो समाजरचनेशी रोज होणारा सामना बनतो.

५

मिशनने ज्या दृष्टान्तांच्या आधारे परिवर्तनाचा धडा दिला ते दृष्टान्तही मुळात कामाचेच आहेत. पेरणारा, मेंढपाळ, पीठ मळणारी स्त्री, घर झाडून हरवलेले नाणे शोधणारी स्त्री, द्राक्षमळ्यातील मजूर. परंतु पॅलेस्टाइनचे काम आणि कृष्णाकाठचे काम एक नाही. भाषांतर शब्दांचे होते. हत्यारांचे होत नाही.

पेरणाऱ्याचा दृष्टान्त घ्यावा. त्यात पेरणारा मुठीने बी फेकतो, म्हणून काही वाटेवर, काही खडकाळीवर, काही काट्यांत पडते. सातारा-सांगलीच्या देशावरील शेतकरी ज्वारी पेरतो ती तिफणीने किंवा पाभरीने. चाड्यावर मूठ धरणारा माणूस बी मोजून सोडतो, ते नळ्यांतून तासात जाते. मूठ धरणे हे कसबाचे काम मानले जाते, आणि ज्याच्या हातून बी वाटेवर पडते त्याला कोणी शहाणा म्हणत नाही. पश्चिमेकडे जावळी-पाटणच्या डोंगराळ पट्ट्यात भाताचा तरवा टाकताना बी हाताने फेकले जाते. तेथे दृष्टान्ताची क्रिया ओळखीची वाटेल. म्हणजे एकाच जिल्ह्यात एकच दृष्टान्त दोन अर्थांनी वाचता येतो. घाटमाथ्यावर प्रश्न जमिनीचा राहतो : मन कसे आहे? देशावर तो पेरणाऱ्याचाही होतो : इतक्या सैल हाताने पेरणारा हा कोण, आणि वाया जाण्याची त्याला पर्वा का नाही? दुसरा प्रश्न दृष्टान्ताच्या रूढ विवरणात मागे पडतो. पण तो मूळ संहितेच्या गाभ्याजवळ जाणारा आहे. तिफणीची संस्कृती येथे अर्थाला अडथळा न होता त्याची पुनर्निर्मिती करते.

खमिराची गोष्ट वेगळी. मराठी बायबलातील 'खमीर' हा शब्द परका नाही, पण ज्या ग्रामीण घरात रोज ज्वारी-बाजरीची भाकरी थापली जाते तेथे पीठ फुगवण्याची क्रिया नित्याची नसते. तेथल्या स्त्रीला थोडक्याने सगळे आतून बदलते हे माहीत असते ते विरजणामुळे. चमचाभर विरजणाने रात्रभरात भांडेभर दूध पालटते. दूध तेच, पण त्याची जात बदलते, आणि ते पुन्हा दूध होत नाही. अंतःपरिवर्तनाची ही प्रतिमा खमिराच्या तुलनेत मराठी अनुभवाला जवळची आहे. तिच्यात शिक्षेचा किंवा तापाचा भाग नाही. ऊब आणि वेळ एवढीच तिची मागणी आहे.

द्राक्षवेलीच्या बाबतीत काळाने एक चमत्कारिक भर घातली. टिळकांच्या काळी द्राक्षवेल हा कृष्णाकाठच्या बहुसंख्य शेतकऱ्यांना पुस्तकातला शब्द होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तासगाव आणि मिरज तालुक्यांत द्राक्षबागा पसरल्या. 'तास-ए-गणेश' हे वाण तर तासगावच्याच परिसरातून पुढे आले. आता योहानाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायातील वेलीची छाटणी येथल्या मजुराला हाताने ठाऊक आहे. पण तेथेही फरक आहे. समशीतोष्ण मुलखात वेल हिवाळ्यात एकदा छाटली जाते. येथे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशी ती दोनदा होते. पहिल्या छाटणीनंतर येते ते फळ नव्हे, काडी. फळ धरण्याची ताकद त्या काडीत तयार होते. म्हणजे फळाविना एक पूर्ण हंगाम वेल केवळ घडत असते. परिवर्तनाच्या प्रक्रियेतील या दृश्य फळ नसलेल्या काळाची जाणीव मूळ दृष्टान्तात इतकी स्पष्ट नाही. शिवाय मूळ ग्रीक संहितेत छाटण्यासाठी वापरलेले क्रियापद स्वच्छ करण्याचाही अर्थ देते, आणि पुढच्याच वचनात शिष्यांना शुद्ध म्हटले आहे. मराठी भाषांतरात छाटणी आणि शुद्धी हे दोन वेगळे शब्द होतात, आणि मूळचा धागा सुटतो. ज्या समाजात शुद्धी म्हणजे धुणे आणि दूर ठेवणे, तेथे शुद्धी म्हणजे कापून वाढवणे हा अर्थ हरवणे ही लहान हानी नव्हे.

६

शुद्धीचा हाच प्रश्न मिरजेच्या रुग्णालयात वेगळ्या वेशात उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शल्यचिकित्सेत जंतुविचार रुजला होता, आणि हात धुणे, उपकरणे उकळणे, वस्त्रे निर्जंतुक करणे हा तिचा नित्यक्रम बनला होता. सोवळ्याच्या संस्कृतीत वाढलेल्या समाजाला धुण्याची सवय नवी नव्हती. नवे होते ते धुण्याचे कारण. सोवळ्यात धुणारा स्वतःला दुसऱ्यापासून वाचवतो. शस्त्रक्रियागृहात धुणारा दुसऱ्याला स्वतःपासून वाचवतो. क्रिया जवळपास तीच, दिशा उलटी. आणि या दुसऱ्या धुण्यात जात अप्रस्तुत ठरते, कारण जंतू सर्वांच्या हातांवर सारखेच असतात. मनाच्या पालटाचा धडा एखाद्या कामाच्या रचनेतच कसा गोवलेला असू शकतो याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. वॉनलेस यांना १९२८ मध्ये 'सर' हा किताब मिळाला तो शल्यचिकित्सेतील कार्यासाठी. पण सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने त्या वास्तूतील नळ आणि घंगाळी यांचे कार्य कमी महत्त्वाचे नाही.

परिचारिकेच्या व्यवसायात हे अधिक तीव्रतेने दिसते. परक्या देहाची घाण साफ करणे हे काम वरिष्ठ जातींना अशक्यप्राय वाटत होते. भारतातील आरंभीच्या परिचारिकांत ख्रिस्ती स्त्रियांची संख्या मोठी असण्याचे हे एक कारण. ज्या समूहांतून या स्त्रिया आल्या त्यांतील अनेकांना घाण साफ करणे हे जातीने लादलेले काम होते. रुग्णालयात तेच काम गणवेश, प्रशिक्षण, वेतन आणि 'सिस्टर' हे संबोधन घेऊन आले. कामाचा अर्थ बदलला की करणाऱ्याचे मन बदलते, हा मिशनचा विश्वास येथे बऱ्याच अंशी खरा ठरला.

पण बऱ्याच अंशीच. येथून पुढे या विवेचनाला स्वतःच्या गृहीतकाकडे संशयाने पाहावे लागते.

७

काम माणसाला घडवते हा विचार प्रॉटेस्टंट पंथाच्या मुळाशी आहे. ल्यूथरने मठातील व्रताइतकेच चांभाराच्या कामाला ईश्वरी पाचारणाचे मोल दिले, आणि माक्स वेबरने १९०४-०५ मधील आपल्या निबंधांत या विचाराचे आर्थिक परिणाम मांडले. सांगलीच्या औद्योगिक शाळेमागे हीच धारणा होती : सुतारकाम, लोहारकाम, शेती शिकताना विद्यार्थ्यात सचोटी, नियमितपणा आणि आत्मसन्मान रुजावा. मात्र ल्यूथरचा चांभार आणि बलुतेदारीतील चांभार यांत मूलभूत अंतर आहे. ज्याचे काम जन्माने ठरले आहे त्याला 'आपल्या कामात ईश्वराचे पाचारण ऐका' असे सांगणे म्हणजे स्वधर्माचाच उपदेश नव्या शब्दांत करणे ठरू शकते. महार-मांग समाजाला श्रमाचे महत्त्व शिकवण्याची गरज नव्हती. वेसकराची पाळी, मेलेली जनावरे ओढणे, सरकारी वेठ हे सारे त्यांच्या अंगावर होतेच. त्यांच्या बाबतीत अंतःपरिवर्तनाची पहिली खूण काम मनोभावे करण्यात नव्हती. ते काम नाकारण्यात होती.

हे सत्य मराठी ख्रिस्ती वाङ्मयात पुरेसे उमटले नाही. कारण ते वाङ्मय ज्यांनी लिहिले त्यांतील प्रमुख नावे ग्रंथसंस्कार लाभलेल्या घरांतून आली. लक्ष्मीबाईंचे परिवर्तन कामातून झाले हे खरे. पण ज्या कामाचे बंधन त्यांनी सोडले ते शुद्धी राखण्याचे काम होते. त्याच शुद्धीच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून अशुद्धी वाहण्याचे काम करणाऱ्यांच्या मनाचा पालट मिशनच्या अहवालांत संख्या म्हणून येतो, 'ज्ञानोदया'तील वार्तापत्रांत प्रसंग म्हणून येतो. प्रदीर्घ आत्मकथन म्हणून तो त्या काळात येत नाही.

तो आला तेव्हा ख्रिस्ती संहितेच्या बाहेरून आला. आटपाडीत १९२१ मध्ये जन्मलेल्या शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. तराळकीच्या कामाचे त्यातील तपशील आणि ते काम मागे टाकण्याचा प्रवास शीर्षकातच सामावला आहे. हा पालट बाबासाहेब आंबेडकरांच्या विचाराने घडलेला, आणि त्याची परिणती १९५६ नंतरच्या बौद्ध धम्मात. त्याच्या मागे एक कायदेशीर इतिहासही आहे : महार वतनाविरुद्ध आंबेडकरांनी १९२० च्या दशकापासून आवाज उठवला, आणि मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. 'स्मृतिचित्रे' आणि 'तराळ-अंतराळ' ही पुस्तके एकत्र वाचली जात नाहीत. ती एकत्र वाचली तर मराठी परिवर्तनकथेची दोन अर्धुके जुळतात. एकीत हात धुण्याचे थांबतात, दुसरीत हात ओढण्याचे थांबतात. दोन्हींत मनाचा पालट हातांच्या इतिहासाशिवाय सांगता येत नाही.

याच परिसरात तिसरा प्रयोगही झाला, आणि तो धर्मनिरपेक्ष होता. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे सातारचे वसतिगृह १९२४ मध्ये सुरू झाले, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, श्रम करून शिकत. येथे कामाचे वाटप जन्माने होत नव्हते. पाळीने होत होते. मिरजेच्या हात धुण्यासारखीच ही पाळीही एक रचना आहे, आणि मनाचा पालट उपदेशाने न होता अशा रचनेने होतो हे तिचे गृहीत. टिळकांचा दरबार दोन वर्षांत विरला आणि ही पाळी टिकली याचे एक कारण येथे शोधता येईल : दरबाराकडे भाव होता, दिनक्रम घडला नव्हता.

८

या साऱ्याचा समीक्षेच्या दृष्टीने निष्कर्ष काय? पहिला असा, की मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला धर्मांतराचे वाङ्मय म्हणणे हे त्याच्यातील कमी महत्त्वाच्या अर्ध्या भागाला नाव देणे आहे. त्याचा अधिक मोलाचा भाग पालटाच्या प्रक्रियेचा आहे, आणि ती प्रक्रिया घटनेत न सापडता आवृत्तीत सापडते : रोजच्या भरलेल्या घागरीत, रोज धुतलेल्या हातांत. दुसरा असा, की दृष्टान्ताचे ग्रहण हा भाषांतराइतकाच श्रमपद्धतीचा प्रश्न आहे. तिफण, विरजण आणि खरड छाटणी यांना संहितेच्या अर्थनिर्णयात स्थान दिल्याखेरीज मराठी भूमीवरील बायबलवाचनाचा इतिहास लिहिता येणार नाही. तिसरा निष्कर्ष अधिक अडचणीचा आहे. 'कामात धडा शोधा' हे आवाहन निरपराध नाही. ते कुणाला केले जाते आणि ते काम कुणी ठरवले, यावर त्याचा अर्थ अवलंबून राहतो. परिचारिकेच्या हातात ते मुक्तीचे आवाहन ठरले. तराळाच्या बाबतीत ते बेडीचे ठरले असते.

सातारा आणि सांगलीच्या इतिहासात ही दोन्ही उत्तरे एकमेकांशेजारी नांदतात. त्यांतील एकालाच परिवर्तन म्हणायचे आणि दुसऱ्याला सामाजिक चळवळ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवायचे, ही सवय मराठी वाङ्मयेतिहासाने दीर्घकाळ बाळगली आहे. 'मेटानोइया'चा मूळ अर्थ लक्षात घेतला तर ती सवय टिकत नाही. ज्या स्त्रीने सोवळ्याची घागर खाली ठेवली आणि ज्या माणसाने मेलेल्या जनावराचा दोर हातातून सोडला, त्या दोघांनी एकाच क्रियापदाचे दोन अर्थ जगून दाखवले आहेत. त्या क्रियापदाला मराठीत अजून एक पुरेसा शब्द मिळायचा आहे.